कर्नल ग्रेग, एकदा बाळूच्या हाती बॅट द्यायची होतीत

कर्नल जॉन ग्लेनी ग्रेग यांस,


तुमचा जन्म 1871 चा, महूचा. नोकरी हिंदुस्थानातल्या लष्करात, त्यामुळे हॅम्पशायरकडून खेळायचं ते रजेवर मायदेशी गेल्यावर. 1901 च्या अशाच एका उन्हाळ्यात लिव्हरपूलला लँकेशायरविरुद्ध तुम्ही नाबाद 249 धावा काढल्यात. पुढे हॅम्पशायरचेच सचिव झालात आणि साठी उलटल्यावर चक्क कॅथलिक धर्मगुरू. पण मला बोलायचंय ते पुण्याबद्दल.

पूना क्लबात महिना चार रुपयांवर एक तरुण कामाला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. बाळू पालवणकर. चांभाराच्या घरातला, डावखुरा फिरकीवाला. त्याच्या गोलंदाजीवर सराव करता यावा म्हणून तुम्ही इतरांच्या आधी मैदानावर हजर व्हायचात. त्यानं बाद केलं की दर खेपेला आठ आणे द्यायचात, अशी कथा पुण्यात रुजली. खरी असेल तर आठदा तुमची दांडी उडवली की त्याचा महिन्याचा पगार वसूल!

आमच्या माणसांचं वागणं काय सांगू? पुण्याच्या हिंदू संघानं वादावादी करून का होईना, बाळूला घेतलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. ही लाज आमची आहे, ती तुमच्या माथी मारणार नाही. तुम्ही त्याचे गुण ओळखलेत, याबद्दल मनापासून आभार.

तरीही एक गोष्ट सलते. साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकली, पण नेटमध्ये एकदाही बॅट हाती मिळाली नाही, असं बाळूनं पुढे सांगितलं. एकदाही नाही! ज्याच्या बोटांतली जादू तुम्हाला रोज दिसत होती, त्यालाही चार फटके मारावेसे वाटत असतील, हे तुमच्या मनात आलं नाही? फलंदाजी साहेबांची आणि राबणं गड्याचं, ही वाटणी तुम्ही मोडू शकला असतात. तुमचा शब्द कोणी खाली पडू दिला नसता.

1911 साली बाळू पतियाळाच्या महाराजांच्या संघातून इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. लिव्हरपूलच्या 249 धावा तुमच्या नावावर आहेत आणि राहतील. पण त्यांत पूना क्लबातल्या चार रुपयांच्या गड्याचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपला,
पुण्यातला एक क्रिकेटप्रेमी