आवाजाला चेहरा देताना

कागदाला कंठ नसतो. संगीताला वाहिलेल्या नियतकालिकाची पहिली अडचण हीच. जे कानांनी घ्यायचे ते त्याला डोळ्यांच्या वाटेने विकावे लागते. पाककृतींचे मासिक पक्वान्न दाखवू शकते, प्रवासाचे मासिक डोंगर दाखवू शकते. स्वर मात्र दिसत नाही. म्हणून संगीताचे मासिक चेहऱ्याचा आश्रय घेते. तो चेहरा हसतो की डोळे वटारतो, यावरून त्याचा वाचक कोण, हे ओळखता येते.

दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे पाहून दिवाळी अंक उचलणाऱ्या मराठी वाचकाला मुखपृष्ठाची मोहिनी नव्याने सांगायला नको. परंतु इंग्लंडमधील संगीत-मासिके शेजारी शेजारी मांडून पाहिली, की या मोहिनीमागचा हिशेबही दिसू लागतो. १९७८ साली निघालेले 'स्मॅश हिट्स' हे शाळकरी मुलामुलींचे. लोकप्रिय गाण्यांचे शब्द त्यात छापलेले असत. साहजिकच मुखपृष्ठ भडक रंगांचे, उद्गारचिन्हांनी भरलेले आणि त्यावरचा गायक थोरल्या भावासारखा हसरा. १९८१ साली 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून 'केरँग!' आले. विजेच्या गिटारच्या तारांवर जोराचा आघात केला, की जो दणका उठतो, तेच त्याचे नाव. पहिल्याच अंकावर 'एसी/डीसी' या वाद्यवृंदाचा अँगस यंग झळकला. येथे हास्याला जागा नव्हती. काळा रंग, चामड्याचे पोशाख आणि आव्हान देणारी नजर. १९९३ साली सुरू झालेल्या 'मोजो'ने पहिल्या अंकावर बॉब डिलन आणि जॉन लेनन यांना बसविले, म्हणजे तारुण्य मागे टाकून आलेल्या वाचकापुढे त्याचेच तारुण्य ठेवले. आणि कॉम्प्टन मॅकेन्झी या कॅथलिक लेखकाने १९२३ साली स्थापन केलेले 'ग्रामोफोन' अभिजात संगीताच्या रसिकांचे. त्यावरचा वादक बहुधा आपल्या वाद्यासह शांतपणे उभा असतो. घाई त्याला नाही, त्याच्या वाचकालाही नसावी.

या साऱ्यांत एक समान कारागिरी आहे. दुकानाच्या फळीवर मासिके एकमेकांवर सरकवून लावलेली असतात. पुष्कळदा डावीकडची पट्टीच तेवढी उघडी राहते. म्हणून नावाची पहिली अक्षरे आणि महत्त्वाचे मथळे डावीकडे घेतात. चेहरा मोठा ठेवतात आणि नजर थेट ग्राहकाकडे रोखलेली ठेवतात. गर्दीत कोणी आपल्याकडेच पाहत असेल, तर आपली पावले थबकतात. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि मुखपृष्ठ त्यावरच उभे असते.

पण चेहऱ्याचे सामर्थ्य दुकानापुरते थांबत नाही. १९६७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'रोलिंग स्टोन'च्या पहिल्या अंकावर एका चित्रपटातील सैनिकाच्या वेशात जॉन लेनन होता. डिसेंबर १९८० मध्ये लेननची हत्या झाली. त्याच दिवशी, काही तास आधी, ॲनी लीबोविट्झ यांनी टिपलेले त्याचे व पत्नी योको ओनोचे छायाचित्र जानेवारी १९८१ च्या अंकावर छापले गेले. मासिकाचे नाव सोडले, तर त्यावर एकही मथळा नव्हता. विक्रीच्या कलेने त्या दिवशी मौन पाळले, आणि ते मौन लोकांपर्यंत पोहोचले.

त्याच मासिकाने २००६ साली केन्ये वेस्ट या रॅप गायकाला काट्यांचा मुकुट घालून मुखपृष्ठावर आणले. उपासकाळात क्रूसाची वाट चालणाऱ्या माणसाला ते चित्र टोचल्यावाचून राहत नाही. कारण तो मुकुट आपल्यासाठी नुसती वेशभूषा नाही. २०१३ साली तर बॉस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटाच्या आरोपीचे छायाचित्र तेथे आले. खाली छापलेले शब्द त्याला राक्षस म्हणत होते. पण विस्कटलेले केस आणि मऊ प्रकाश यांमुळे तो एखाद्या गायकासारखा दिसत होता. अनेक दुकानांनी तो अंक विकायला नकार दिला. चित्र आणि शब्द यांचे भांडण झाले, की डोळा चित्राची बाजू घेतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

मला मात्र यापेक्षा अधिक विचार करायला लावते ती एक शांत गोष्ट. प्रत्येक मुखपृष्ठ एकाला 'हे तुझे' म्हणते, तेव्हा दुसऱ्याला न बोलता 'हे तुझे नव्हे' असेही सांगते. मुलाच्या खोलीतील भिंतीवरचे चित्र पाहून वडील दारातूनच परततात. वडिलांच्या जुन्या तबकड्यांचे वेष्टन पाहून मुलगा नाक मुरडतो. गाणे ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो. 'स्मॅश हिट्स' २००६ साली बंद पडले, तरी ही सवय गेली नाही. आता मोबाइलच्या पडद्यावरचा नखाएवढा चौकोन तेच काम करतो, आणि घरातील चार माणसे चार कानयंत्रे लावून चार गाणी ऐकतात.

आमच्या धर्मग्रामात नव्या गीतपुस्तकाचा विषय निघाला, तेव्हा हा प्रश्न आमच्याही दारी आला. तरुणांची मागणी वाजवी होती: गिटारचे चित्र असलेले, रंगीत मुखपृष्ठाचे त्यांचे स्वतंत्र पुस्तक. त्यावर गायनवृंदातील एका वयस्क मावशीने विचारले, "पोरांनो, तुमचं पुस्तक वेगळं झालं, तर आम्ही मिस्सात कोणाबरोबर गायचं?" सभेत कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात साऱ्या भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. मावशीने तो वाचला नसेल, पण ती त्याचाच अर्थ सांगत होती. बाजाराला श्रोते वेगळे करावे लागतात. उपासनेला ते एकत्र बसवावे लागतात.

शेवटी पुस्तक एकच निघाले. अक्षरे ठळक आहेत, चष्म्यांसाठी. ओळींवर गिटारचे स्वरसंघ छापले आहेत, तरुण बोटांसाठी. मुखपृष्ठ साधे, निळे. त्यावर कोणाचाही चेहरा नाही. एका बाकावर आजी आणि नात ते दोघींच्या मध्ये धरतात, आणि पान उलटायची वेळ आली, की ज्याचा हात मोकळा असेल तो उलटतो.