सात रात्री, पंचवीस वर्षं

१.
ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये सूट मिळते. सरकारने त्या वर्षी जाहीर केली तर. म्हणून अर्धं शहर जानेवारीपर्यंत गाडी लांबवतं. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात आता मोटारींच्या तंबूंशेजारी सुट्टीचं सभासदत्व विकणाऱ्यांचं एक टेबल असतं. त्यावर काचेची पेटी आणि कूपन. नाव, मोबाइल, विवाहित की अविवाहित. बक्षीस सगळ्यांना लागतं.

२.
बक्षीस घ्यायला हॉटेलच्या हॉलवर बोलावतात. “मैडम आएँगी ना?” हे तीनदा विचारतात. एकट्या नवऱ्याला बक्षीस नाही.

आत दहा-बारा गोल टेबलं आणि मोठ्याने गाणी. कुणी सही केली की माइकवर नाव, टाळ्या. समोरचा मुलगा हसरा. कोऱ्या कागदावर आकडे लिहितो, तेही उलटे, म्हणजे आपल्याला सुलटे दिसावेत. या कसबाला दाद द्यावीच लागेल. मग साहेब येऊन पहिला आकडा खोडतात, खाली लहान आकडा लिहितात आणि त्याभोवती गोल. फक्त आजपुरता. घरी विचार करतो म्हणून कागद मागितला, तर तो घडी होऊन साहेबांच्या खिशात.

३.
त्या मुलाला विचारलं, तू कुठे जातोस सुट्टीत? “सर, सीझन में छुट्टी नहीं मिलती.”

४.
सभासदत्वाचे समजा ५ लाख रुपये. वर्षाला ७ रात्री, २५ वर्षं, म्हणजे १७५ रात्री. रात्रीला २,८५७ रुपये. स्वस्तच की!

वार्षिक शुल्क समजा २० हजार. भागिले ७, पुन्हा २,८५७. दर दुप्पट झाला, आणि शुल्क काही २५ वर्षं २० हजारांवर बसून राहत नाही. जीएसटी, रेल्वे, जेवण वेगळं.

तेच ५ लाख ७ टक्क्यांनी ठेवीत टाकले तर व्याज ३५ हजार. त्यात वाचलेले २० हजार. ५५ हजारांत सात रात्री हव्या तिथे, रात्रीला ७,८५७, आणि मुद्दल बँकेत. (व्याजावर कर पडतो, हे हॉलमध्ये सोबत आलेल्या माझ्या काकांनी लगेच दाखवून दिलं. महालेखापालांच्या, म्हणजे एजी, ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस.)

५.
एलटीसीत, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीत, सरकार तिकिटाचे पैसे देतं, हॉटेलचे नाही. सभासदत्वात नेमकं उलटं, हॉटेल मिळतं, तिकीट आपलं; काकांना हे लगेच दिसतं.

६.
ज्याला हे सभासदत्व परवडतं, असंही एक घर गल्लीत आहे. शाळकरी मुलं, आजी-आजोबा, दरवर्षी जाणार म्हणजे जाणारच. बुकिंग उघडतं त्या रात्री थोरला मुलगा जागा राहतो. परीक्षेला जागल्याचं ऐकिवात नाही.

७.
असंच सभासदत्व विकणाऱ्या क्लब महिंद्राच्या हंगामांना रंग आहेत: जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सर्वांत महाग. मेमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा थंड हवेच्या डोंगरावर निळा रंग चालत नाही.

८.
संस्थानकाळी शिंद्यांची उन्हाळी राजधानी शिवपुरी. तिकडे जायला दोन फुटी रुळांची आगगाडीही संस्थानचीच. आरक्षणाची कटकट नाही. देखभालखर्च रयतेकडे.

९.
मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज कंपनी रूम नाइट्स, म्हणजे हॉटेलातल्या रात्री, विकायची. झोपायला न गेलात तर मुदतीअखेर वाढीव पैसे. आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांत ही योजना ठाऊक नाही असं घर विरळा. सेबीने ठरवलं, ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये परताव्याचा आदेश निघाला: सुमारे ७,०३५ कोटी रुपये, ५१ लाखांवर गुंतवणूकदार.

इतक्या लोकांना न झोपण्यासाठी खोल्या हव्या होत्या.

१०.
ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गुरुद्वारा दाता बंदी छोड. गुरू हरगोबिंद कैदेतून सुटले तेव्हा ५२ राजांनाही घेऊन बाहेर पडले, अशी परंपरा. प्रत्येक राजाने गुरूंच्या अंगरख्याची एकेक दशी धरली होती.

११.
सभासद कसं व्हावं: आठ पानं, गुळगुळीत, रंगीत. सभासदत्व कसं सोडावं: धरायला दशी नाही, फक्त कलमातलं पोटकलम, बारीक टाइपात.

१२.
करारात न्यायालय दूरच्या महानगरातलं. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते. हॉलमध्ये हे कुणी माइकवरून सांगत नाही.

१३.
काका ६८ वर्षांचे. सभासदत्व घेतलंच तर ते संपेल तेव्हा ९३. काकू म्हणाल्या, “तुम्ही जा मनालीला, मला इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच बरं आहे.” फॉर्मवर वारसाचा रकाना आहे, तो काकांना भारी आवडला. तिकडे बंगळुरूहून मुलीचा फोन: “बाबा, सात रात्रींबरोबर ते वार्षिक शुल्कही माझ्याच नावावर येणार ना?”

काकांनी फोन काकूंकडे दिला.