आतली बिऱ्हाडं

ऑफसाइट म्हटलं की लोणावळ्याचं रिसॉर्ट, बुफेतली गार इडली आणि एचआरने शोधून आणलेला एखादा 'खेळ' हे आलंच. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला पर्सनॅलिटी टेस्टचा खेळ आला. लॅपटॉप उघडा, प्रश्नांची उत्तरं द्या आणि शेवटी आपल्या स्वभावाची चार अक्षरं पदरात पाडून घ्या. माझी आली ईएनटीजे. खाली लिहिलं होतं, 'कमांडर'.

टीमने टाळ्या वाजवल्या. "ये तो पता ही था, यार!" कुणीतरी ओरडलं. मीही हसले. खरं सांगू? आतून छाती चांगलीच फुगली होती.

त्यानंतर ही चार अक्षरं मी गळ्यात आयकार्डासारखी अडकवूनच फिरले. मीटिंगमध्ये कुणाचं बोलणं मध्येच तोडलं, की "सॉरी, टिपिकल ईएनटीजे!" रात्री साडेअकराला टीमला मेल टाकली, तरी तेच. रविवारी नवरा म्हणाला, "आता तरी तो लॅपटॉप मिट," तर माझं उत्तर तयार, "माझा टाइपच तसा आहे." पूर्वी लोक 'माझी रास वृश्चिक, मी डूख धरणारच' म्हणायचे ना, त्यातलीच गत. फक्त माझ्या राशीला पीपीटीचा मुलामा होता.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. टीममधल्या एका नव्या मुलाकडून चुकीची शीट क्लायंटला गेली. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. ओरडले नाही हं. अगदी शांत आवाजात, एकेक शब्द मोजून बोलले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. महिन्याअखेरच्या फीडबॅकमध्ये, नाव न घालता, एक ओळ होती : 'यांच्यासमोर चूक कबूल करायची भीती वाटते.'

आणि दुसरी गोष्ट. आई फोनवर सहज म्हणाली, "अण्णा हल्ली तुला फोन नाही करत. म्हणतात, ती मीटिंगमध्ये असेल."

फीडबॅकचं मी हसण्यावारी नेलं असतं. अण्णांचं मात्र नेता येईना.

चार अक्षरांची कुंडली

आधी मी माझ्या सवयीप्रमाणे 'रिसर्च' केला. या टेस्टचं मूळ कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या 1921 सालच्या 'सायकॉलॉजिकल टाइप्स' या पुस्तकात आहे. त्यावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. चार जोड्या, प्रत्येकीतलं एक अक्षर, असे एकूण सोळा टाइप.

मेख अशी की माणूस काही स्विच नसतो, चालू किंवा बंद. बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात आणि टेस्ट मात्र मधोमध रेघ मारून इकडचे-तिकडचे करते. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. नोकरीवर घेताना ही टेस्ट वापरू नका, हे तर ती चालवणारे स्वतःच सांगतात.

मग एका मैत्रिणीने एनियाग्रामची ओळख करून दिली. 1970 च्या सुमाराला चिलीमध्ये ऑस्कर इचाझो आणि त्यांच्याकडे शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो यांनी ते आजच्या रूपात मांडलं. यात नऊ टाइप. यालाही भक्कम शास्त्रीय आधार आहे असं नाही. पण एक गोष्ट मला आवडली. इथे 'तू काय करतेस?' यापेक्षा 'कशाच्या भीतीने करतेस?' हा प्रश्न मोठा. मी निघाले आठ नंबर. म्हणजे पुढे होऊन सगळं अंगावर घेणारी, दुसऱ्याच्या हातात दोरी न देणारी. आणि त्याच्या तळाशी काय? तर कधीतरी लहानपणीच ठरवून टाकलेलं, 'आपण कमजोर राहून चालणार नाही.'

हे वाचून मी टॅब बंद केला. उगाचच.

चपलांच्या स्टँडचं मॅनेजमेंट

रजा साठली होती. ती घेऊन मी इगतपुरीला धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. अध्यात्माची ओढ वगैरे काही नाही. आपलं सत्यनारायण गोयंकांची गोष्ट ऐकली होती. ब्रह्मदेशातल्या मंडालेत वाढलेला हा उद्योगपती मायग्रेनला वैतागून सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला गेला आणि 1969 मध्ये भारतात येऊन स्वतः शिकवू लागला. डोकेदुखीपासून सुरुवात करणारा माणूस मला आपल्यातला वाटला.

पहाटे चारला घंटा. फोन जमा. नऊ दिवस बोलणं बंद, खुणासुद्धा नाहीत. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. ऐकायला किती सोप्पं! प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसापर्यंत मी ध्यानगृहाबाहेरच्या चपलांच्या स्टँडची नवी रचना मनात पूर्ण केली होती. जेवणाच्या रांगेचा फ्लोचार्ट काढला होता. शेजारची बाई खोकायची, तर तिला कुठे बसवलं असतं तर बरं झालं असतं, हेही ठरलं होतं. मॅनेज करायला काहीच नव्हतं, तरी माझं मॅनेजमेंट चालूच. पहिल्यांदा जाणवलं, की ही 'मी' नाही. ही माझ्यातली कुणीतरी आहे आणि ती थांबायला घाबरते.

चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरभर लक्ष फिरवायचं. काही जाणवेल ते बघायचं, पण त्याच्या मागे धावायचं नाही आणि त्याला हाकलायचंही नाही. दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसायचं, त्याला 'अधिष्ठान' म्हणतात. सहाव्या दिवशी दुपारी अशीच बसले असताना जबडा आवळला गेला. मग गळा. आणि कुठलीही सूचना न देता 2001 सालचं आमचं इचलकरंजीचं घर समोर आलं.

अण्णांचे आठ माग होते. सूत उधारीवर घेऊन कापड विणायचे आणि व्यापाऱ्याला विकायचे. एका व्यापाऱ्याने पैसे बुडवले, आणि सूतवाल्याची उधारी थकली. माग बंद पडले. ज्यांच्या घरामागे दिवसरात्र खटखट चालते त्यांनाच कळेल, ती थांबल्यावर घर किती भीतीदायक शांत होतं. एका संध्याकाळी सूतवाल्याचा माणूस हातात वही घेऊन दारात आला. अण्णा स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले आणि त्यांनी मला पुढे केलं. मी अकरा वर्षांची. दाराची फट धरून मी म्हणाले, "अण्णा घरी नाहीत." आवाज अजिबात हलला नाही. त्याने दोन-तीनदा विचारलं, मी दोन-तीनदा तेच सांगितलं. तो गेल्यावर अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाणी माझी पोरगी."

त्या दिवशी ती पोरगी नोकरीला लागली. अकराव्या वर्षी, बिनपगारी. एक दिवस रजा नाही. शांत आवाज, एकेक शब्द मोजून, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्या नव्या मुलाला झापणारा आवाज कुठून आला होता, ते मला तिथे गादीवर बसल्या बसल्या कळलं.

शिबिराची शिस्त अशी, की आठवणीच्या मागे जायचं नाही, अंगात काय होतंय तेवढं बघायचं. म्हणून मी नुसता गळा बघत राहिले. तो आवळला, थरथरला, थोडा सैल झाला, पुन्हा आवळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि अधिष्ठान असल्यामुळे पुसायचीही सोय नव्हती.

मॅनेजर, बंबवाले आणि हद्दपार

परत आल्यावर मी पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी मला रिचर्ड श्वार्ट्झ यांचं नाव सांगितलं. हे अमेरिकेतले फॅमिली थेरपिस्ट. 1980 च्या दशकात खाण्याच्या विकारांचे रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की हे लोक 'माझा एक भाग म्हणतो खा, दुसरा म्हणतो खबरदार' अशी भाषा बोलतात. मग कुटुंबातल्या माणसांचं ऐकावं तसं त्यांनी त्या भागांचंच ऐकायला सुरुवात केली. त्यातून 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' ही पद्धत उभी राहिली. तिच्यावरचं संशोधन अजून फार झालेलं नाही, पण तिचं चित्र मला पटकन कळलं.

मन म्हणजे एक चाळ समजा. बिऱ्हाडं तीन तऱ्हेची. पहिली, मॅनेजर. सगळं आधीच सांभाळून ठेवणारी, म्हणजे काही बिघडायलाच नको. दुसरी, बंबवाले. आग लागलीच तर धावत येऊन मिळेल ते पाणी ओतणारी. माझे बंबवाले रात्री दोनपर्यंत वेब सिरीज बघतात आणि नको असलेले कुर्ते ऑर्डर करतात. आणि तिसरी, मागच्या अंधाऱ्या खोलीत हद्दपार केलेली. भेदरलेली, लाजलेली, ज्यांच्याकडे कुणी बघू नये म्हणून बाकीच्यांची ही सगळी धावपळ. माझ्या त्या खोलीत दारामागे पाय लटपटणारी एक मुलगी होती. आवाज हलला नाही हे सगळ्यांनी ऐकलं. पाय कुणी बघितलेच नव्हते.

बाईंनी एक प्रश्न दिला. तो इथे मुद्दाम देते. आपल्यातल्या त्या चिडक्या, कामसू किंवा टाळाटाळ करणाऱ्या भागाला 'तू असं का करतोस?' असं दरडावून विचारायचं नाही. शांत बसून विचारायचं, "तू हे काम थांबवलंस, तर काय होईल अशी तुला भीती वाटते?" आणि उत्तराची वाट बघायची. माझ्या मॅनेजरबाईंचं उत्तर आलं, "तो माणूस घरात शिरेल."

मनाला असं वेगळं काढून त्याच्याशी बोलणं आपल्याला नवं नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक, एकूण 205, त्यांतले बरेचसे मनालाच समोर बसवून सांगितलेले आहेत. आणि टाइपच हवे असतील, तर गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज, तम असे तीन आहेतच. पण गीता तिथे थांबत नाही. अध्याय संपतो तो या तिघांच्या पलीकडे गेलेल्या, त्यांचा खेळ बघत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या वर्णनाने. मला वाटतं, फरक इथेच आहे. टाइप ही दारावरची पाटी. पाटी वाचून एवढंच कळतं, की पुढे येऊन दार कोण उघडतं. आत आणखी कोण आहे, हे कळायला आत जाऊन बसावं लागतं. मी पाटीच गळ्यात घालून फिरत होते.

एक सांगून ठेवते. दहा दिवसांचं मौन हा स्पा नव्हे, आणि सगळ्यांसाठीही नाही. डिप्रेशन, पॅनिक अटॅक किंवा तसा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. शिबिराच्या फॉर्ममध्ये त्याबद्दल विचारतात, तिथे खरं ते लिहा. रोज सकाळी वीस मिनिटं खुर्चीत बसून श्वास बघणं हीसुद्धा छान सुरुवात आहे.

आणि अण्णा?

एका शनिवारी दुपारी मीच फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "अण्णा, तो सूतवाल्याचा माणूस आठवतो तुम्हाला?"

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. अण्णांनी नंतर माग विकले आणि पुढची सतरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून काढली. त्या दिवसाबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"मला वाटलं, तू विसरलीस," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दार मी उघडायला पायजे होतं." मी काही बोलायच्या आत त्यांनी विषयच बदलला, "जेवलीस काय?"

बास, एवढंच. सिनेमात होतं तसं रडणं-बिडणं काही झालं नाही. पण त्या रात्री मी बाराला झोपले, आणि बंबवाल्यांना सुट्टी मिळाली.

त्या मुलाने तोवर टीम बदलून घेतली होती. पँट्रीत गाठून मी त्याला सॉरी म्हणाले. तो "इट्स ओके, मॅम" म्हणाला, पण कॉफी घेऊन लगेच निघाला. ठीक आहे. त्यालाही त्याची बिऱ्हाडं असतील.

टेस्ट पुन्हा दिली तर मी बहुधा ईएनटीजेच येईन. डेडलाइन जवळ आली की माझा जबडा अजून आवळतो. फक्त आता तो आवळलेला मला कळतो, आणि मी मनात म्हणते, "बस गं जरा. दार मी बघते." कधी ती ऐकते, कधी नाही. चोवीस वर्षांची सवय आहे तिला.

परवा ऐन रिव्ह्यूच्या वेळी अण्णांचा फोन आला. मी "एक मिनिट" म्हणून बाहेर जाऊन घेतला. काम काहीच नव्हतं. पुण्यात पाऊस आहे काय, विचारत होते.