मलिद्याचा हिशेब



गेली काही वर्षे लग्नकार्यात भेटणारी माणसे मला एकच प्रश्न विचारतात. "काय हो सिस्टर, पेन्शन मिळते आहे, मुले मार्गी लागली, मग आता आराम करायचा सोडून हे कढई-झाऱ्याचे लचांड कशाला मागे लावून घेतलेत?" कोणी प्रेमाने विचारतात, कोणी खोचकपणे. दोघांनाही एकदाच उत्तर द्यावे म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

माझे बालपण पेण तालुक्यात गेले. पुढचे शिक्षण व नर्सिंगचे ट्रेनिंग मुंबईस झाले. १९८१ साली आम्ही इस्राएलला आलो. उलपानात हिब्रू शिकले आणि मग बेअर शेवा येथील इस्पितळात ३८ वर्षे नोकरी केली. २०२० साली निवृत्त झाले. त्यातली निम्मी वर्षे रात्रपाळीत गेली, तेव्हा स्वयंपाकाची हौस असली तरी ती शुक्रवारी दुपारपुरतीच होती.

आमच्या गावी कोणाकडे मलिदा असला की 'ऑर्डर' हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. आदल्या दिवशी दुपारी आळीतल्या बाया आपापली विळी घेऊन येत. कोणी नारळ खवी, कोणी पोहे निवडी, कोणी केळी-खजुराची ताटे लावी. माझी आई वेलची कुटायला बसे, कारण तिच्या हाताला अंदाज होता. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन बेराखा झाल्या की प्रत्येकीच्या घरी वाटा जाई. हिशेब तेव्हाही होता बरे का! ती आपल्याकडे आली म्हणून आपण तिच्याकडे जायचे. जी जात नसे तिची आठवण सर्वांना राही. फक्त तो हिशेब पैशात मांडलेला नव्हता.

इथे ते जमत नाही. एक बहीण दिमोनाला, एक अश्दोदला, सुना-मुली सकाळी सातला कामावर. विळी घेऊन कोण कोणाकडे जाणार? हॉलमध्ये जेवण भरपूर असते, पण म्हाताऱ्या माणसांना नारळाच्या रसातले चिकन हवे असते, बिरडे हवे असते, गरम पुरी हवी असते. आपल्या लोकांनी मटण-चिकनात दही-दूध कधी घातले नाही, सगळे काम नारळाच्या दुधावर भागवले, म्हणून मांसाच्या जेवणानंतरही आपल्याकडे गोड खीर वाढता येते. ही सोय इथल्या केटररला कोठून ठाऊक असणार?

२०२१ च्या अखेरीस, कोरोनाचे निर्बंध सैल झाल्यावर, माझ्या चुलत नणंदेच्या धाकट्या लेकीची मेंदी ठरली. नणंद म्हणाली, "वहिनी, साठ माणसे आहेत. तुमच्या हातचे चिकन, पुलाव, पुऱ्या आणि मलिदा पाहिजे. पैशांचे बघू." मी हो म्हटले. तीन दिवस राबले. सामानाच्या पावत्या जोडून १,१५० शेकेल सांगितले, तिने ते लगेच दिले, आणि सगळ्यांनी तोंडभरून स्तुती केली.

आठवड्याने मुलगा कागद-पेन्सिल घेऊन बसला. तेल, गॅस, ॲल्युमिनियमचे ट्रे, दोनदा केलेली पेट्रोलची फेरी. शिवाय कोथिंबीर! धर्मनिष्ठ पाहुण्यांना किडे नसलेली, खास वाढवलेली, पिशवीतली कोथिंबीर लागते आणि हिरव्या मसाल्याला ती जुड्यांनी लागते. बेरीज झाली १,६४० शेकेल. मुलगा म्हणाला, "आई, तू साठ माणसांना पदरचे पैसे घालून जेवायला घातलेस." माझी कंबर त्याने हिशेबात धरलीच नव्हती.

मग आम्ही रीतसर चौकशी केली. व्हॅटच्या कचेरीत 'ओसेक पातूर' म्हणून नाव नोंदवले. वर्षाची विक्री ठरलेल्या मर्यादेच्या आत असली (२०२५ साली ती १,२०,००० शेकेल होती) तर गिऱ्हाइकाकडून व्हॅट घ्यावा लागत नाही. नगरपालिकेच्या खिडकीवर मात्र मला स्पष्ट सांगण्यात आले, की बाई, घरच्या ओट्यावर शिजवून लोकांना विकता येणार नाही, परवाना लागेल. शिवाय १९८३ च्या कायद्याप्रमाणे रब्बीनेटचे प्रमाणपत्र नसताना खाद्यगृहाला लेखी 'कशेर' म्हणवून घेता येत नाही. माझे घर कशेर आहे हे माझ्या नातलगांना ठाऊक, हॉलच्या दारातल्या मश्गियाखला ते कसे कळणार? शेवटी ओळखीच्या एका केटररचे परवाना व प्रमाणपत्र असलेले स्वयंपाकघर आठवड्यातून दोन दिवस तासांच्या भाड्याने घेतले. घरी उरले फोन, वही आणि पत्रव्यवहार. आमचे हे त्याला 'हेड ऑफिस' म्हणतात, कारण वही फ्रीजवर ठेवलेली असते.

भाडे आले तसा माणशी दर ठरवणे भाग पडले. सगळे धरून ५५ शेकेल बसले. तो आकडा पहिल्यांदा सांगायची वेळ आली ती त्याच नणंदेला, तिच्या नातवाच्या बार मित्सवासाठी. फोनवर ती गप्प झाली. मग म्हणाली, "वहिनी, आपल्यातल्या आपल्यात?" आणि फोन ठेवला. जेवण दुसरीकडून मागवले. पुढे तीन महिने आमचे बोलणे नव्हते. रोश हशानाला मी फोन केला तो जावयाने उचलला आणि त्या झोपल्या आहेत असे सांगितले. सकाळचे अकरा वाजले होते.

त्या तीन महिन्यांत मी पुष्कळ विचार केला. ३८ वर्षे मी लोकांच्या जखमा धुतल्या आणि दर महिन्याला पगार घेतला. सेवेचे पैसे कसले घेता, असे मला एकाही रोग्याने विचारले नाही. मग पुरी लाटल्याचे पैसे सांगताना माझी मान का खाली जावी? पण खरे सांगायचे तर ती जाते, अजूनही जाते. पुरी लाटणारी माझी आई होती आणि तिने कधी कोणाकडून छदाम घेतला नाही, हे मनातून निघत नाही. म्हणून मी एक मधला मार्ग काढला आहे. मेंदी, बार मित्सवा, वाढदिवस यांचा पुरा दर घेते. कोणी नवस फेडायला मलिदा मागितला तर फक्त सामानाचे आणि स्वयंपाकघराच्या भाड्याचे घेते, मेहनतीचे नाही. मुलाला हे पटत नाही. तो म्हणतो, नवस केला की बरे झाल्यावर केला, हे तू कसे ओळखणार? आता चाळीस वर्षे इस्पितळात काढलेल्या बाईला तेवढे ओळखता येते.

नर्सच्या सवयींचा एक प्रसंग सांगते. जुलै २०२३ मध्ये किर्यत गात येथे सत्तर माणसांची मेंदी होती. गरम राहणाऱ्या पेट्यांत चिकन भरले. पेट्या पुरल्या नाहीत म्हणून पुलाव साध्या ट्रेमध्ये घातला, ही माझी चूक. वाटेत गाडी बंद पडली. संध्याकाळी पाचला निघालो ते साडेआठला पोचलो. मी थर्मामीटर खुपसून पाहिला. चिकन ६६ अंश. पुलाव ४४.

मी पुलाव टाकायला सांगितला. घरच्या बाई धावत आल्या. "अहो, वास किती छान येतोय, टाकता कशाला? पुन्हा गरम करू." वाचक भगिनींनो, हे नीट ऐका, कारण आपल्या घरोघरी हा समज आहे. भातात एका जंतूची बीजे असतात, ती शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती उगवतात आणि विष तयार होते. ते विष पुन्हा उकळल्याने जात नाही आणि त्याला वासही येत नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहावे, गार ५ अंशांच्या आत. उरलेला भात मोठ्या पातेल्यात तसाच झाकून ठेवू नये, दोन बोटे जाडीने पसरून लवकर गार करावा आणि फ्रीजमध्ये घालावा. मलिदासुद्धा मी आता घरून कालवून नेत नाही. खवलेला नारळ बर्फाच्या पेटीत, फळे न कापता, पोहे कोरडे. कालवायचे ते तिथे, बेराखाच्या अर्धा तास आधी.

सात किलो तांदळाचा पुलाव कचऱ्यात गेला. मी त्यांच्याच चुलीवर दोन पातेली साधा भात टाकला. नऊचे जेवण दहाला झाले. मुलाकडची मंडळी कुजबुजत होती, कोणीतरी "शो करते" असेही म्हणाले. भाताचे पैसे मी बिलातून वजा केले. त्या घरून पुन्हा बोलावणे आले नाही. एका मोठ्या जेवणावळीनंतर वॉर्डात ओळीने लावलेल्या सलाइनच्या बाटल्या मी पाहिल्या आहेत, त्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत, इतकाच फरक.

असो. शनिवार रात्रीची ऑर्डर मी घेत नाही, कारण शब्बाथ सुटल्यावर शिजवून वेळेवर पोचणे शक्य नसते आणि आधी शिजवून ठेवणे मला पसंत नाही. महिन्याला तीन ऑर्डरी पुष्कळ झाल्या. चॉकलेट केक करणार का, असे तरुण मुली विचारतात. नाही करणार.

नणंदेचे राहिलेच. गेल्या वर्षी तिचे यजमान वारले. शिवा उरकल्यावर दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. "वहिनी, घरात बसून भिंती खायला उठतात. पुऱ्या लाटायला बोलवाल का?" मी बोलावले. पाच तास ती माझ्याशेजारी उभी राहिली. तिच्या पुऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या फुगतात हे मान्य केलेच पाहिजे. संध्याकाळी मी तिच्या हातात पाकीट दिले, तासाला ४० प्रमाणे २०० शेकेल. तिने ते माझ्याकडे सरकवले. "आपल्यातल्या आपल्यात?" मी काही न बोलता पुन्हा तिच्याकडे सरकवले. असे तीनदा झाले. मग तिने पाकीट उघडले, नोटा मोजल्या आणि म्हणाली, "वहिनी, मी पावणेदहाला आले होते. पंधरा मिनिटे जास्त झाली."

मी आणखी १० शेकेल दिले. परवा चाळीस माणसांचा मलिदा आहे, तिला आठला बोलावले आहे, आणि पोहे अजून निवडायचे आहेत, म्हणून इथेच थांबते.