संत्र्याचे चांगले साल

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही पांढुर्ण्याहून सौंसरच्या वाटेला लागलो. दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, बांधावर क्रेटच्या चळती आणि मालमोटारींत भरला जाणारा आंबिया बहर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या फळाला नाव देणारे नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला. बागेची भाषा मात्र मराठीच राहिली: ताण, बहर, डोळा, कोळशी.

वाटेत एका परिचित बागवानाकडे थांबलो. त्याने दिलेले संत्रे सोलताच सुवास दरवळला. अशी गोडी आम्ही कित्येक वर्षांत चाखली नव्हती. यंदा असे काय घडले, असे आम्ही विचारले.

"झाडाले तहान लागू द्या लागते, गुरुजी, तवाच ते फुलते."

त्याच्या सांगण्याचा इत्यर्थ असा. मार्गशीर्ष-पौषात बागेचे पाणी तोडतात. पाने कोमेजतात, काही गळतात. या ताणाने व थंडीने झाडाची वाढ थांबून अन्न साठते आणि माघात पाणी देताच फूल लागते. मध्येच अवकाळी पाऊस आला, तर ताण मोडतो. पुढे गारपीट टळावी, वैशाखात विहिरीने साथ द्यावी, श्रावण-भाद्रपदाची झड लांबू नये आणि आश्विनात आभाळ निवळून रात्री गार व्हाव्यात. म्हणजे फळाला रंग चढतो. एवढे सारे एका सालात जुळणे दुर्मिळच.

मद्याशी आमचा संबंध केवळ वाचनापुरता. तरी पोर्तुगालमधील दोरो नदीकाठच्या 'पोर्ट'ची हकीकत येथे आठवली. तेथेही हिवाळ्यात जमिनीत मुरलेला पाऊस आणि द्राक्षे पिकताना कोरडी हवा, असा मेळ बसावा लागतो. तोडणीनंतर दुसऱ्या वर्षी मद्यकार चव घेतात आणि वर्ष खरोखर उत्तम ठरले तरच ते 'विंटेज' म्हणून जाहीर करतात. दहा वर्षांत सरासरी तीनदाच. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही वर्षे आजही जाणकार नावाने ओळखतात.

"मग यंदा भावही चांगला मिळाला असेल?" आम्ही विचारले.

बागवान हसला. "बाग त भाद्रपदातच उक्ती देली, गुरुजी. पोराच्या कॉलेजची फी भराची होती. तवा फळ हिरवंच होतं."

आम्ही निरुत्तर झालो. पोर्टचे मद्य पिंपात मुरते, म्हणून मद्यकाराला थांबता येते. संत्रे थांबत नाही आणि फीची तारीखही थांबत नाही. वर्षाची सारी गोडी मालमोटारीत चढली होती. ती आता व्यापाऱ्याची होती.

याआधीचे असे साल कोणते, हे त्याला सांगता आले नाही. "धाकटी झाली, त्या साली असंन," एवढेच तो म्हणाला. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने पाणी तोडल्याची तारीख लिहिलेली होती. दरवर्षी जुनी पुसून नवी.

परतल्यावर आम्ही त्याच्याकडे एक कोरी वही पाठवली. पाणी तोडल्याचा दिवस, पाऊस, गारा, विहिरीची पातळी आणि शेवटी चव, एवढे त्याने लिहावे. चांगले साल नशिबाने येते. पण त्याची चाहूल भाद्रपदातच ओळखता आली, तर हिरव्या बागेची किंमत व्यापाऱ्याआधी बागवान सांगेल.