बसला, पण चालला नाही

बोर्डाचं सॉकेट ११५१, प्रोसेसरही ११५१ चाच. आकडा जुळला आणि मी पाकीट काढलं. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं विचारलं होतं, ‘साहेब, चिपसेट कुठला?’ मी म्हटलं, ‘तुम्ही द्या हो, सॉकेट तेच आहे.’

माझं मशीन म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जाडजूड शब्दकोशाएवढा डेस्कटॉप. आत इंटेलचा सहाव्या पिढीचा चार कोअरचा आय-फाइव्ह ६५००टी. मशीन सुरू व्हायला फार वेळ लागायचा, म्हणून या प्रोसेसरच्या जागी आठव्या पिढीचा सहा कोअरचा घालायचा बेत होता. खाचा जुळल्या, लिव्हर खाली आली, झाकण लागलं. बटण दाबल्यावर पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच. रॅम काढून घातली, केबल बदलली, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून लावला. सगळं थकल्यावर, आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. आठव्या पिढीत सॉकेटचा आकार आणि पिनांची संख्या तीच ठेवली, पण कुठल्या पिनेनं काय काम करायचं याची वाटणी बदलली. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. माझा १०० मालिकेतला.

म्हणजे फार तर सातव्या पिढीपर्यंत मजल. मग आय-सेव्हन ७७०० आणला. तोही उठेना, कारण त्याला ओळखणारा नवा बायोस मशीनमध्ये नव्हता. बायोस अपडेट करायला मशीन सुरू व्हायला हवं, आणि सुरू व्हायला अपडेट! पुन्हा कूलर उघडा, वाळू लागलेली थर्मल पेस्ट स्पिरिटनं पुसा, जुना प्रोसेसर चढवा, अपडेट करा, परत नवा बसवा. या प्रोसेसरांना पिना नसतात, त्या सॉकेटात असतात, केसाइतक्या बारीक. त्यावर पेस्टचं बोट लागलं नाही, हे निव्वळ नशीब.

एकदाचा चालला. पण ६५००टी मधल्या ‘टी’कडे मी लक्षच दिलं नव्हतं. टी म्हणजे ३५ वॉटचा, ७७०० हा ६५ वॉटचा. त्या डबीतला कूलर ३५ वॉटच्या हिशेबानं बनवलेला. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की तापमान १०० अंशांना भिडायचं आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसर वेग उतरवायचा. ३.६ गिगाहर्ट्झ कागदावरच राहिले. शेवटी तो पडत्या भावात विकून ७७००टी घेतला.

एवढं करून मशीन सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. तेव्हा कुठे टास्क मॅनेजर उघडून नीट पाहिलं. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आणि हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर. एसएसडी घातली आणि ज्या तक्रारीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती मिटली. एक्स्पोर्ट तेवढा नव्या प्रोसेसरमुळे लवकर होतो, पण तो मी महिन्यातून एखाद्या वेळी करतो.

त्यातही विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ७७००टी त्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता कुणी प्रोसेसर बदलायचा म्हणालं, की मी आधी त्याच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडायला लावतो. बहुतेकांचं काम एसएसडी आणि रॅमवर भागतं.