जाळीची कडी आतून

नगरच्या सावेडीत खिडकी करून घ्यायची म्हटलं की ठेकेदाराचा पहिला प्रश्न जाळीचा असतो. बार चौकोनी की गोल, भाव किलोवर की फुटावर. खिडकी कशासाठी हवी, हे कुणी विचारत नाही. उजेड आला, वारा आला आणि चोर आला नाही, की आपली खिडकी पास. पाइपलाइन रोडने भिस्तबाग चौकाकडे चालत जाताना जरा मान वर करून बघावं: बंगले, अपार्टमेंट, दवाखाने, क्लासेस, सगळं गजांआड. चौथ्या मजल्यावर कोणता चोर चढणार, असं मी एका फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं होतं. "ताई, खालच्या तिन्ही मजल्यांनी लावलीय ना," तो म्हणाला.

आमच्या बंगल्याला अर्धं तळघर आहे. आठ फूट उंचीपैकी तीन फूट जमिनीच्या वर, बाकीचं मुरमात. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की तळघराचं छत जमिनीपासून किमान 0.9 मीटर आणि जास्तीत जास्त 1.2 मीटर वर असावं. त्या पट्ट्यातच आमचे दोन झरोके आहेत, मांजर जाईल एवढे. एप्रिल-मेमध्ये नगरची दुपार अंगावर येते तेव्हा अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खाट तिथे असते. मुलांचा कॅरमही तिथेच. उतरायला जिना एकच, आणि त्या जिन्याखाली इन्व्हर्टर, बॅटरी आणि वर्तमानपत्रांची रद्दी. आग लागायला सगळ्यात सोयीची जागा नेमकी बाहेर पडायच्या वाटेवर. नगरमधल्या निम्म्या घरांत इन्व्हर्टर जिन्याखालीच असतो, कारण ती जागा "अशीही वायाच जाते".

तळघराला सुटकेची खिडकी हवी, हे डोक्यात घातलं भाच्याने. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. आई-वडील सहा महिने राहायला यायचे म्हणून त्याने बेसमेंटमध्ये झोपायची खोली करायला घेतली, तर ठेकेदाराने आधी खिडकी मोजली. तिकडच्या निवासी संहितेत सुटकेच्या खिडकीचं मोकळं तोंड एरवी किमान 5.7 चौरस फूट लागतं, जमिनीलगत असेल तर किमान 5, रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच, आणि उंबरा आतल्या फरशीपासून 44 इंचांच्या वर नको. गंमत अशी की 20 आणि 24 चा गुणाकार साडेतीन चौरस फुटांच्याही आतच राहतो. म्हणजे दोन्हीकडून कमीत कमी देऊन सुटका नाही, एक बाजू वाढवावीच लागते. जाळी लावा म्हणतात, पण ती आतून, किल्लीशिवाय आणि हत्याराशिवाय उघडली पाहिजे.

मी हे आकडे ऐकले आणि थांबले. आपण गजांमधलं अंतर ठरवतो ते काय आत शिरू नये याचा विचार करून. इथे कोणीतरी माणसाचे खांदे, पोट आणि पाठीवर सिलिंडर बांधलेला अग्निशमनचा जवान डोळ्यांसमोर ठेवून भोक आखलं होतं. 6 नोव्हेंबर 2021 ला आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी कोविडचे 11 रुग्ण गेले. त्यानंतर गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तरी घरी येऊन आपल्या खिडकीकडे कुणी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. मीही पाहिलं नव्हतंच.

तळघराला अशी खिडकी करायचं ठरलं, पण ठेकेदार मिळणं सोपं नव्हतं. एक म्हणाला, ब्रेकर लावून दुपारपर्यंत फोडून देतो, लिंटेल नंतर टाकू. वर दोन मजले उभे असताना हे ऐकून अण्णासुद्धा खुर्चीतून उठले. दुसऱ्याने सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी सुचवली. दिसायला छान, पण सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते निम्मीच. तिसरा मिस्त्री आला तो बोलण्याआधी हातोडीने भिंत वाजवत फिरला. अठरा इंची दगडी भिंत. "आधी वर बाहेरून अर्ध्या जाडीची खाच, त्यात लिंटेल. ते धरलं की आतल्या अर्ध्याचं तसंच. मग खालचे दगड सुटे करू. टेकू शेवटपर्यंत काढायचा नाही." काम अंगावर घेतलं त्याने, उचलही बेताचीच मागितली.

खरी वादावादी पाण्यावरून झाली. उंबरा 44 इंचांवर घ्यायचा तर खिडकी जमिनीच्या सोळा इंच खाली जाते, म्हणजे बाहेर खड्डा आला. सावेडीची काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. 27 जुलै 2024 ला दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरच्या एका क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. आगीला भोक हवं, पाण्याला नको. मिस्त्रीने खड्ड्याला तिन्ही बाजूंनी बांध घातला, जमिनीच्या वर सहा इंच उचलून, तळाला खडी आणि तिथून उताराने पाइप. खड्डा भिंतीपासून तीन फूट पुढे घेतला, माणूस उभा राहून वळेल एवढा.

अण्णांना हे सगळं थेर वाटत होतं. पण त्यांनीच एक आठवण काढली. पाथर्डीकडे त्यांच्या लहानपणी ज्वारीचं जमिनीतलं पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीने दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूस आत जाणार नाही. "आमच्या वेळी दिवा जायचा आधी," ते म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

दगड निघाल्यावर मिस्त्रीने खडूने चौकट आखली आणि हाताखालच्या पोऱ्याला म्हणाला, "जा रे, भाईर निघ." पोऱ्या सर्रकन गेला. मग मिस्त्री स्वतः गेला, त्याचा खांदा अडला, चौकट दोन इंच वाढली. माझी पाळी आली तेव्हा सगळ्यांनी सौजन्याने पाठ फिरवली. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. "खिडकीतून चोर जातात." त्यांच्यासाठी आत एक कट्टा बांधला, चढायला. तावदान आत उघडतं, जाळी बाहेर, बिजागरीवर, कडी आतून. इन्व्हर्टर वर गॅलरीत नेला, त्याला वायरमनने खिडकीच्या मानाने किरकोळ पैसे घेतले. हे आधी केलं असतं तर खिडकी लागलीच नसती, असं अण्णांचं म्हणणं आहे.

दिवाळीत गावाला निघताना बघते तर त्या जाळीला कुलूप. मी चिडले. "घरात कुणी नसताना आग लागली तर बाहेर कोण पडणार आहे?" अण्णांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर ते कुलूप काढायचं काम कुणाचं, यावर मात्र आमचं अजून एकमत व्हायचंय.